बांधावरची गाडीवाट आणि ले-आउटचा तीस फुटी रस्ता

वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"माझे यजमान तीन वर्षांपूर्वी वारले. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आमची दोन एकर भातशेती आहे आणि तिच्या मागे चुलत दिरांची तीन एकर जमीन आहे. सासरे आणि चुलत सासरे यांची वाटणी १९६८ साली झाली. त्या कागदात 'मागील हिश्शास जाण्यायेण्यासाठी पूर्वीप्रमाणे बांधावरून गाडीवाट चालू ठेवावी' असे लिहिले आहे. ही वाट आठ-दहा फुटांची असून आमच्या क्षेत्रात येते. तिच्यावरून आजवर कधी तंटा झाला नाही. आता भाऊजींनी आपली जमीन प्लॉट पाडण्यासाठी एका डेव्हलपरला दिली आहे. चाळीस-पंचेचाळीस प्लॉट होणार आहेत आणि त्यासाठी त्यांना आमच्या शेतातून तीस फुटी रस्ता हवा आहे. 'पन्नास वर्षांची वहिवाट आहे, कोर्टात गेलात तर फुकट द्यावा लागेल, आता सही केलीत तर चार पैसे तरी मिळतील,' असे ते म्हणतात. कानडीत टाइप केलेले संमतीपत्र घरी आणून ठेवले आहे आणि तोवर वाटेवर नुसता मुरूम टाकू द्या म्हणतात. पंच म्हणतात, भाऊबंदांची वाट अडवू नये. धाकटा मुलगा म्हणतो, तारेचे कुंपण घालून वाटच बंद करू. माझे माहेर चंदगड तालुक्यातले. तिथला भाऊ म्हणतो, तहसीलदारांकडे कलम १४३ चा अर्ज कर. मी कोणाचे ऐकावे?"

ताई, तुमच्या भाऊजींचा त्या वाटेवर हक्क आहे, मात्र ते सांगतात तेवढा तो मोठा नाही. पुढचे सारे या एका गोष्टीवर अवलंबून आहे. म्हणून संमतीपत्रावर सही करू नका, मुरूम टाकू देऊ नका आणि मुलाला कुंपणही घालू देऊ नका. या तिन्हींपैकी कुंपणाचा मोह सर्वांत अधिक होईल, म्हणून त्याचेच आधी सांगतो.

मागच्या शेताला दुसरीकडून वाट नसेल, तर एकाच कुटुंबाच्या जमिनीची वाटणी होताना पुढच्या हिश्शातून जाण्याचा हक्क मागच्या हिश्शाला कायद्यानेच मिळतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात, ज्याला आपल्याकडे वकील मंडळी ईझमेंट ॲक्ट म्हणतात, कलम १३ मध्ये ही तरतूद आहे. त्यासाठी वीस वर्षांची वहिवाटसुद्धा सिद्ध करावी लागत नाही. तुमच्या बाबतीत तर वाटणीच्या कागदातच तसे लिहिलेले आहे आणि पन्नासहून अधिक वर्षे बैलगाड्या, नंतर ट्रॅक्टर त्या वाटेने गेले आहेत. कागद नोंदणीकृत नाही एवढ्या मुद्द्यावर हा हक्क नाकारण्याचा सल्ला कोणी देईल, पण तो मानू नये, कारण प्रत्यक्ष वापर उघड आहे आणि साक्ष द्यायला सारे गाव उभे राहील. तुम्ही कुंपण घातले, तर भाऊजी दुसऱ्याच दिवशी दिवाणी न्यायालयात जाऊन मनाई हुकूम मागतील. तो त्यांना बहुधा मिळेलही आणि न्यायाधीशांसमोर पहिले चित्र उभे राहील ते शेतकऱ्याची वाट अडवणाऱ्या शेजाऱ्याचे. तीस फुटी रस्त्याचा खरा प्रश्न मग मागे पडेल. सुगीच्या दिवसांत त्यांची मळणी, खताची गाडी, ट्रॅक्टर आजवर जसे गेले तसे जाऊ द्यावेत. ट्रॅक्टर ही बैलगाडी नव्हे, असा युक्तिवाद करता येतो हे मला ठाऊक आहे. पण त्याच शेताच्या त्याच कामासाठी बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, तर त्यावर भांडण उभे करणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

आता त्यांच्या दाव्याची दुसरी बाजू पाहू. वाटणीतून आलेला असा हक्क त्या वेळी जी गरज होती तेवढाच असतो, असे त्याच कायद्याचे कलम २८ सांगते. एका प्रकारच्या जाण्यायेण्याच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा हक्क आपोआप येत नाही, हेही त्याच कलमात आहे. पुढे कलम २९ प्रमाणे ज्याला हक्क आहे त्याने आपल्या जमिनीत बदल केला किंवा भर घातली, तरी केवळ तेवढ्यामुळे शेजाऱ्याच्या जमिनीवरचा भार त्याला मोठ्या प्रमाणात वाढवता येत नाही. १९६८ साली गरज होती ती तीन एकर शेताची. वर्षातून दोन हंगाम, नांगरणीपासून मळणीपर्यंत, काही गाड्यांची ती ये-जा होती. चाळीस-पंचेचाळीस घरांच्या मोटारसायकली, शाळेच्या व्हॅन, पाण्याचे टँकर आणि बांधकामाच्या वाळूचे ट्रक यांची रात्रंदिवस वर्दळ ही त्या गरजेची वाढ नसून वेगळीच गरज आहे. पन्नास वर्षांची वहिवाट हा त्यांचा मोठा आधार आहे खरा, पण वहिवाटीने हक्क मिळतो तो जशी वहिवाट झाली तसाच. गाडी हाकणाऱ्याने पन्नास वर्षे गाडी हाकली, तर त्याला गाडी हाकण्याचा हक्क मिळतो, डांबरी रस्ता करण्याचा मिळत नाही. शिवाय जाण्यायेण्याचा हक्क म्हणजे जमिनीखालून पाण्याची पाइपलाइन नेण्याचा, गटार काढण्याचा किंवा कडेने हेस्कॉम या वीज कंपनीचे खांब उभे करण्याचा हक्क नव्हे. त्या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी संमती लागते. आणलेल्या संमतीपत्रात या साऱ्यांचा उल्लेख एका ओळीत गुंडाळलेला असेल, तर मला नवल वाटणार नाही.

जागेचा हिशेबही मांडून पाहावा. बांधाची लांबी तुम्ही सुमारे ३६० फूट लिहिली आहे. दहा फुटांची वाट धरली तर ३,६०० चौरस फूट होतात, म्हणजे १,०८९ चौरस फुटांच्या गुंठ्याने सव्वातीन गुंठ्यांच्या आसपास. तीस फुटांचा रस्ता म्हणजे १०,८०० चौरस फूट, जवळजवळ दहा गुंठे. तुमच्या ऐंशी गुंठ्यांपैकी आठवा हिस्सा त्यात जातो आणि त्यातला साडेसहा गुंठ्यांहून अधिक भाग आजवर कोणाच्याही वहिवाटीत नव्हता. "फुकट द्यावा लागेल" असे ज्याबद्दल तुम्हाला सांगितले जाते ते नेमके हे साडेसहा गुंठे आहेत, आणि ते न्यायालय त्यांना फुकट देईल असा कोणताही आधार मला दिसत नाही.

इतका ठाम सल्ला देण्याआधी दोन गोष्टी मात्र कागदावर तपासून घ्याव्या लागतील, कारण त्या उलट निघाल्या तर सारे चित्र बदलते. पहिली म्हणजे ही वाट खरोखर तुमच्या खासगी क्षेत्रात येते की नाही. तुमच्या आर.टी.सी. उताऱ्यात, म्हणजे इथल्या सात-बारात, खराब क्षेत्राचा रकाना पाहा. कर्नाटकात खराबाचे दोन प्रकार धरतात, लागवडीला नालायक असलेली जमीन 'अ' मध्ये आणि रस्ता, वाट, नाला अशा सार्वजनिक उपयोगासाठी राखलेली जमीन 'ब' मध्ये. बांधावरची वाट 'ब' खराब म्हणून नोंदलेली असेल किंवा गावच्या नकाशावर गाडीवाट म्हणून तुटक रेषांनी दाखवलेली असेल, तर ती फक्त तुमची नाही, आणि तेवढ्या रुंदीपुरते तुम्हाला कोणालाच अडवता येणार नाही. भूमापन खात्याच्या कचेरीतून टिपण (जुन्या मोजणीचा कच्चा नकाशा), आकारबंद (क्षेत्र आणि आकाराची नोंदवही) आणि गाव नकाशाच्या प्रमाणित नकला काढाव्यात आणि हद्दबस्तीचा, म्हणजे हद्द कायम करण्याचा, अर्ज देऊन वाटेची आजची रुंदी मोजून घ्यावी. मोजणीची नोटीस भाऊजींनाही जाईल, ते बरेच. दगड त्यांच्या समोर बसलेले असावेत.

दुसरी गोष्ट वाटणीच्या कागदातील शब्दांची. 'मागील हिश्शास जाण्यायेण्यासाठी गाडीवाट चालू ठेवावी' असा मजकूर असेल, तर जमीन तुमची आणि जाण्याचा हक्क त्यांचा. पण त्याच कागदात कोठे 'वाट उभयतांची सामाईक' असे असेल, तर ते वाटेच्या जमिनीचे सहमालक ठरतात आणि सहमालकाला रोखणे ईझमेंटच्या धन्याला रोखण्याइतके सोपे नसते. तुम्ही पत्रात एकच वाक्य उतरवले आहे. संपूर्ण कागद, मागच्या पानावरच्या शेऱ्यांसह, कोणाकडून तरी नीट वाचून घ्या. आपल्या भागातल्या त्या काळच्या वाटण्यांत काही मजकूर मोडी लिपीत असतो आणि तो वाचणारा माणूस गावात नसेल, तर अंदाजाने अर्थ लावू नये. याच वेळी मागच्या जमिनीला ओढ्याकडून किंवा पलीकडच्या गावाकडून दुसरा रस्ता लागतो का, हेही नकाशावर पाहून ठेवावे. लागत असेल, मग तो कितीही गैरसोयीचा असो, तर निकडीमुळे मिळालेला हक्क टिकत नाही. मात्र वहिवाटीने मिळालेला हक्क तरीही राहू शकतो. म्हणून हा मुद्दा वकिलांना सांगण्यापुरता हाती ठेवा, त्यावरून गावात वाद घालू नका.

आता मुरूम. हा भाग मला संमतीपत्राइतकाच धोक्याचा वाटतो, कारण तो निरुपद्रवी दिसतो. पावसाळ्यात चिखल होतो, शाळेत जाणाऱ्या पोरांचे पाय रुततात, तुमच्याच ट्रॅक्टरलाही बरे, असे सांगितले जाते. पण ईझमेंट ॲक्टच्या कलम ६० मध्ये अशी तरतूद आहे की तुम्ही एखाद्याला आपल्या जमिनीवर काही करण्याची परवानगी दिली आणि त्या परवानगीच्या भरवशावर त्याने स्वतःचा पैसा खर्चून कायम स्वरूपाचे काम केले, तर ती परवानगी नंतर मागे घेता येत नाही. अशी परवानगी लेखी असलीच पाहिजे असेही नाही. आज तीस फूट रुंद मुरूम, दिवाळीनंतर खडी, पुढच्या उन्हाळ्यात रोलर, आणि एवढा खर्च होत असताना तुम्ही बांधावर उभ्या राहून पाहत होता असे साक्षीदार सांगू लागले, म्हणजे तुमची बाजू पातळ होते. म्हणून नकार तोंडी देऊ नका. "जुन्या गाडीवाटेचा शेतीसाठी पूर्वीसारखा वापर करण्यास आमची हरकत नाही, परंतु वाट रुंद करण्यास, भराव घालण्यास किंवा प्लॉटसाठी वापरण्यास आमची संमती नाही," एवढाच मजकूर भाऊजींना आणि डेव्हलपरला पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. या पत्रात हक्काचा स्वीकार आणि वाढीव भाराला नकार हे दोन्ही स्पष्ट असल्यामुळे उद्या कोणी तुम्हाला वाट अडवणारी म्हणू शकणार नाही.

तुमच्या भावाचा सल्ला मायेपोटी आलेला आहे, पण तो सीमेच्या पलीकडचा आहे. कलम १४३ हे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधले. बांधावरून वाट देण्याचा वाद त्या कलमाखाली तिकडचे तहसीलदार ऐकतात आणि चंदगडमध्ये ते रोजचे काम आहे. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, त्यामुळे तो कायदा इथे कधी लागूच झाला नाही. आपल्याकडे कर्नाटक जमीन महसूल अधिनियम, १९६४ चालतो. ईझमेंट ॲक्टचे तसे नाही. तो १८९१ पासून साऱ्या मुंबई इलाख्याला लागू होता, म्हणून दोन्ही बाजूंना आजही तोच आहे. नातेवाइकांचे व्हॉट्सॲपवर आलेले मराठीतील कायद्याचे सल्ले वाचताना आपल्या भागातील माणसाने हा फरक नेहमी लक्षात ठेवावा लागतो. सात-बाराचा फेरफार, तुकडेबंदी, रस्त्याचा अर्ज यांबद्दल जे लिहिलेले असते त्यातले बरेचसे इथल्या कचेरीत उपयोगाचे नसते. गावच्या नकाशावरची वाट कोणी अडवली, तर आपल्याकडेही तहसीलदारांकडे जाता येते, परंतु तुमचा वाद वाट अडवण्याचा नसून ती वाढवण्याचा आहे आणि त्याचा निर्णय शेवटी दिवाणी न्यायालयातच होऊ शकतो.

तरीही न्यायालयाच्या आधी दोन कचेऱ्यांचे उंबरे आहेत आणि भाऊजींचे प्लॉट ते ओलांडल्याशिवाय कायदेशीर होत नाहीत. शेतजमीन बिनशेती करण्यासाठी कर्नाटक जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ९५ खाली जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि ले-आउटसाठी नगर व ग्राम नियोजन अधिनियम, १९६१ च्या कलम १७ खाली नियोजन प्राधिकरणाची मंजुरी लागते. तुमचे गाव बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, हद्दीत येत असेल, तर ती मंजुरी बुडाची. ले-आउट मंजूर करताना प्लॉटपर्यंत पोचणारा कायदेशीर रस्ता दाखवावा लागतो. तो त्यांच्याकडे नाही, म्हणूनच तुमच्या दारी संमतीपत्र आले आहे. तुम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात आणि प्राधिकरणात हरकत अर्ज द्यावा, सोबत उतारा, नकाशा आणि वाटणीच्या कागदाची नक्कल जोडावी आणि दोन्हीकडे आवक शिक्का मारलेली प्रत घ्यावी. त्यांनी नकाशात तुमचा बांध आधीच रस्ता म्हणून रंगवला आहे का हे पाहायचे असेल, तर माहिती अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून त्या अर्जाची नक्कल मागता येते. तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे. शहराभोवतीच्या जमिनीला आता किती घाई झाली आहे ते तुम्ही पाहतच आहात. २०२० मध्ये कर्नाटक भूसुधारणा कायद्यातील ७९ अ आणि ७९ ब ही कलमे काढून टाकल्यापासून शेतकरी नसलेल्यालाही इथे शेतजमीन घेता येते. त्यामुळे मंजुरीची वाट न पाहता बाँड पेपरवर प्लॉट विकणारेही भेटतात. तसे विक्रीचे फलक मागच्या शेतात लागले, तर हरकत अर्जाला उशीर करू नका, कारण एकदा चाळीस जणांनी आगाऊ रक्कम दिली की तुमचे भांडण एका दिराशी न राहता चाळीस कुटुंबांशी होते आणि त्यांची कणव सर्वांनाच येते.

पंचांविषयी थोडे लिहितो. वाट अडवू नये हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे आणि तुम्ही ती अडवतही नाही. तेव्हा पुढच्या बैठकीत वरच्या पत्राची प्रत त्यांच्यापुढे ठेवावी आणि वाद वाटेचा आहे की रस्त्याचा, हे त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे. त्यांच्यापैकी कोणी त्या ले-आउटमध्ये प्लॉट बुक केला आहे का, याचीही जाता जाता चौकशी करायला हरकत नाही.

येथवर नकाराचे सांगितले. पण मी तुमच्या जागी असतो तर हा विषय नकारावर संपवला नसता, कारण मागची तीन एकर कधी ना कधी प्लॉट होणार, आणि त्यांना रस्ता देण्याचे सामर्थ्य आज एकट्या तुमच्याकडे आहे. रस्ता द्यायचाच असेल तर तो हक्क म्हणून मागितला म्हणून न देता, नीट सौदा करून द्यावा. नियोजन प्राधिकरणाला पुढे असा रस्ता सार्वजनिक म्हणून ताब्यात हवा असतो. याचा अर्थ ते दहा गुंठे तुमच्या मालकीतून कायमचे जातील. ले-आउट झाले नाही तर जागा परत घेऊ, ही भाषा तेथे चालत नाही. म्हणून भाव ठरवताना भातशेतीच्या गुंठ्याचा भाव धरू नये. या पट्ट्यामुळे मागच्या तीन एकराची किंमत किती वाढते, हा हिशेब धरावा. तो हिशेब डेव्हलपरने मनात कधीच केलेला आहे. रोख रकमेपेक्षा बदली जमीन घेण्याकडे माझा कल आहे. दहा गुंठे रस्त्याला देऊन मागच्या जमिनीतले बांधाला लागून असलेले तेवढेच किंवा थोडे अधिक गुंठे घ्यावेत, किंवा मंजूर ले-आउटमधले रस्त्याकडेचे प्लॉट घ्यावेत. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च, पट्ट्याच्या बिनशेतीचा खर्च, मोजणी आणि ११ ई नकाशाची (पट्टा वेगळा दाखवणाऱ्या मोजणी नकाशाची) फी, हे सारे रस्ता मागणाऱ्याने सोसावे.

पैशापेक्षाही जास्त काळजी पाण्याची करावी, असे मला वाटते, आणि पश्चिम भागातील भात पिकवणाऱ्या माणसाला त्याचे कारण सांगावे लागणार नाही. रस्ता करताना दोन-अडीच फूट भराव पडतो. तुमच्या शेताचा उतार रस्त्याकडे असेल, तर वरच्या वाफ्यांतले पाणी त्या भरावाला तटून राहील आणि जुलैमध्ये रोप कुजेल. उतार उलटा असेल, तर रस्त्यावरचे सारे पाणी, आणि काही वर्षांनी घरांचे सांडपाणीही, तुमच्या वाफ्यात उतरेल. म्हणून दस्तात रस्त्याची उंची आजच्या बांधापासून किती असेल, मोऱ्या कोठे आणि किती व्यासाच्या पाइपच्या असतील, गटार कोणत्या बाजूने काढून कोठे सोडणार आणि ते सारे प्लॉट विकण्याआधी पूर्ण करणार, हे नकाशासह लिहून घ्यावे. तुमच्या उरलेल्या जमिनीला त्या रस्त्यावर दोन्ही अंगांनी उघडण्याचा हक्क असावा, नाहीतर तुम्हीच दिलेल्या रस्त्याच्या कडेला ते अर्धा फूट जागा राखून भिंत घालतील आणि उद्या तुमच्या मुलांना आपल्याच शेतातून बाहेर पडायला त्यांची परवानगी मागावी लागेल. अशी चिंचोळी पट्टी राखून ठेवण्याची युक्ती ले-आउटच्या धंद्यात जुनी आहे. विहीर किंवा बोअर असल्यास तिच्यापासून गटाराचे अंतरही ठरवून घ्या.

हे सारे शंभर-दोनशेच्या बाँड पेपरवर नोटरीसमोर लिहून भागत नाही. जमिनीतील असा हक्क देणारा दस्त नोंदणी कायद्याप्रमाणे उपनिबंधक कचेरीत नोंदवावाच लागतो, आणि रक्कम किंवा बदलीची जमीन नोंदणीच्या दिवशीच हातात आली पाहिजे, "ले-आउट मंजूर झाल्यावर" नव्हे. दस्त कानडीत असणार. त्याचे मराठी भाषांतर तुमच्या वकिलांकडून लेखी करून घ्या, डेव्हलपरच्या माणसाने वाचून दाखवलेला अर्थ धरू नका. सध्या घरात पडलेले संमतीपत्रही त्याच वकिलांना दाखवावे. ते फाडू नका, त्यांनी काय मागितले होते याचा तो पुरावा आहे.

सहीचा आणखी एक प्रश्न तुमच्या पत्रात कोठेच नाही. यजमान वारल्यानंतर उताऱ्यावर वारसांची नोंद झाली आहे का? झाली नसेल, तर आधी ती करून घ्या, इथल्या कचेरीत तिला पौती खाते म्हणतात. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तुम्ही, दोन्ही मुलगे, मुलगी आणि सासूबाई हयात असतील तर त्याही वारस आहेत. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा हिस्सा जात नाही. याचा अर्थ तुम्ही एकट्याने संमती दिली तरी ती अपुरी ठरेल, आणि एकट्या धाकट्या मुलाला गाठून त्याची सही घेतली तरी तेच. ही गोष्ट तुमच्या बाजूचीही आहे. दारात उभे राहून आत्ताच सही मागणाऱ्याला, सर्व वारस एकत्र बसून ठरवतील, एवढे सांगून परत पाठवता येते.

भाऊजींच्या घरी पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे, जावे की नको, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. अवश्य जावे. तेथे विषय निघालाच, तर वकिलांकडे कागद दिले आहेत एवढेच बोलावे, आणि चहाबरोबर कोणी कागद पुढे केला तर चष्मा घरी राहिला म्हणावे.

त्यांनी न्यायालयात जाऊन तुमच्या गैरहजेरीत तात्पुरता मनाई हुकूम मिळवू नये, यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८ अ खाली कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, दाखल करता येते. ती नव्वद दिवस चालते आणि नंतर पुन्हा दाखल करावी लागते. एखाद्या सकाळी जेसीबी बांधावर आलाच, तर त्याच्या आडवे कोणी जाऊ नये. मोबाइलवर तारखेसह चित्रण करावे, ११२ ला फोन करावा, पोलिस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी आणि त्याच दिवशी वकिलांमार्फत मनाई हुकुमाचा अर्ज तयार करायला घ्यावा. जागेचा ताबाच घेतला गेला, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो. ती मुदत गेली, तर मालकी सिद्ध करण्याचा लांबचा रस्ता उरतो.

वकिलाच्या फीची चिंता तुम्ही पत्रात दोनदा लिहिली आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री मोफत कायदेशीर मदतीस पात्र आहे, तिचे उत्पन्न कितीही असो. बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो. सोबत आधार कार्ड, आर.टी.सी. उतारा, यजमानांचा मृत्यूचा दाखला आणि वाटणीच्या कागदाची झेरॉक्स जोडावी. मूळ कागद दाखवायला न्यावा, पण कोणाकडेही ठेवून येऊ नये. भाऊजी तयार असतील, तर त्याच प्राधिकरणामार्फत मध्यस्थी किंवा लोकअदालतीतही हा सौदा बसवता येईल. तेथे झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकुमनाम्याइतकेच वजन असते, म्हणून वर सांगितलेल्या पाण्याच्या आणि उघडण्याच्या अटी त्या मसुद्यातही शब्दशः उतरल्या आहेत ना, हे सही करण्यापूर्वी वकिलांसमवेत पाहून घ्यावे.